संक्षेपाचा अर्थ कोणी ठरवायचा? : पाणिनीच्या ‘ण्’पासून संगणकाच्या आज्ञेपर्यंत

मराठी पत्रात ‘ता.’ हा संक्षेप तीन ठिकाणी येऊ शकतो. पत्राच्या माथ्यावर तो असेल तर ‘तारीख’, पत्त्यात ‘ता. कुंडम, जि. जबलपूर’ असा असेल तर ‘तालुका’, आणि सहीखाली ‘ता. क.’ असा असेल तर ‘ताजा कलम’. मध्य प्रदेशात तालुक्याला तहसील म्हणतात; तरीही मराठी वाचक या पत्त्यावर अडखळत नाही. ‘सा. न. वि. वि.’ या मायन्यातील पहिला ‘वि.’ म्हणजे विनंती आणि दुसरा म्हणजे विशेष, हेही त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. अक्षरे तीच असली, तरी जागा आणि रूढी अर्थ ठरवतात.

संगणकाला रूढी ठाऊक नसते. त्याला जो नियम दिला असेल तेवढाच तो पाळतो. म्हणूनच एक प्रश्न गेली साठ वर्षे संगणकशास्त्रज्ञांसमोर पुनःपुन्हा उभा राहिला आहे : माणसाने आज्ञा अर्धवट लिहिली, तर यंत्राने ती पूर्ण समजावी काय? समजावी, तर कोणत्या अटीवर? आणि संदेह आल्यास काय करावे? प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु त्याच्या उत्तरावर एखाद्या संशोधकाची अनेक वर्षांची विदा सुरक्षित राहणे किंवा पुसली जाणे अवलंबून असू शकते.

दहा अक्षरांचा सेकंद

१९६० च्या दशकात संगणकाशी संवाद साधायचा तो टेलिटाइप यंत्रावरून. टेलिटाइप मॉडेल ३३ हे त्या काळचे अतिशय प्रचलित यंत्र सेकंदाला केवळ दहा अक्षरे छापत असे. त्याच्या कळाही जड होत्या. प्रत्येक अक्षर वाचवणे ही त्यामुळे खरीखुरी गरज होती.

अमेरिकेतील एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून उभारलेल्या ‘मल्टिक्स’ या प्रणालीने या गरजेला एक नेमस्त उत्तर दिले. आज्ञेचे वर्तन बदलणाऱ्या शब्दाआधी आडवी रेघ द्यावी आणि प्रत्येक लांब शब्दासोबत त्याचा एक ठरावीक संक्षेप जाहीर करावा, अशी तेथील पद्धत होती. ‘ब्रीफ’साठी ‘बीएफ’, ‘लाँग’साठी ‘एलजी’. हे संक्षेप शब्दाची सुरुवातीची अक्षरे तोडून झालेले नव्हते. ते नेमून दिलेले होते. आपल्या ‘चि.’, ‘सौ.’, ‘कै.’ यांच्यासारखेच त्यांचे स्वरूप होते. त्यात संदेहाला जागा नव्हती. पण सगळे पाठ करावे लागत.

१९६९ मध्ये बेल लॅब्ज मल्टिक्समधून बाहेर पडली आणि त्याच वर्षी तेथे केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. युनिक्सने काटकसर टोकाला नेली. आज्ञा दोन-तीन अक्षरांच्या झाल्या : ‘एलएस’, ‘सीपी’, ‘एमव्ही’, ‘आरएम’. पर्याय तर एकाच अक्षराचे झाले आणि अनेक एकाक्षरी पर्याय एकाच रेघेमागे जोडून लिहिण्याची सोयही आली. ‘-एल -ए’ ऐवजी ‘-एलए’ लिहिले तरी चाले. संक्षेपाचा अर्थ लावण्याचा प्रश्न येथे उद्भवतच नव्हता, कारण संक्षेप हेच मूळ नाव होते. मात्र किंमत दुसरीकडे मोजावी लागली. एका आज्ञेत ‘आर’ म्हणजे उलट क्रम, तर दुसरीत ‘आर’ म्हणजे आतील सर्व संचिकांसह. रोमन लिपीत लहान-मोठी मिळून बावन्न अक्षरे. ती संपली की नव्या पर्यायाला अर्थवाही नाव मिळणे कठीण.

पुरेशी ओळख पटली की पुरे

त्याच सुमारास केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संस्थेत ‘टेनेक्स’ नावाची प्रणाली घडत होती. तिच्या कर्त्यांनी निराळा मार्ग धरला. आज्ञांची नावे पूर्ण, वाचनीय ठेवावीत. वापरणाऱ्याने मात्र ओळख पटेल इतकीच सुरुवातीची अक्षरे लिहावीत. शिवाय ‘एस्केप’ ही कळ दाबली की उरलेली अक्षरे यंत्र स्वतः कागदावर उमटवीत असे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने टेनेक्सवरून पुढे ‘टॉप्स-२०’ प्रणाली तयार केली आणि ही ओळखण्याची क्रिया प्रणालीच्या गाभ्यातच बसवली. त्यामुळे प्रत्येक प्रोग्रामकाराला ती नव्याने लिहावी लागत नसे आणि सर्व प्रोग्राम एकसारखे वागत. प्रश्नचिन्ह टंकले की त्या जागी काय काय लिहिता येईल याची यादी समोर येई.

याच कंपनीच्या ‘व्हॅक्स’ संगणकांवरील व्हीएमएस प्रणालीत संक्षेपाची हीच मुभा होती. पण तिला एक शहाणपणाची जोड होती. हाताने टंकताना हवे तितके आखडते घ्या; मात्र पुन्हा पुन्हा चालवण्यासाठी आज्ञा लिहून ठेवायच्या असतील, तर निदान चार अक्षरे लिहा, असा सल्ला तेथे दिला जाई. बोलण्यातला संक्षेप आणि लेखी नोंदीतला संक्षेप यांत भेद केला पाहिजे, ही जाण त्या सल्ल्यामागे होती.

कुंडमचे उदाहरण

हा भेद का करावा लागतो, हे एका काल्पनिक प्रोग्रामवरून स्पष्ट होईल. जबलपूर जिल्ह्यातील पावसाच्या नोंदी तहसीलवार काढून देणारा एक प्रोग्राम आहे असे समजू. जबलपूर, सिहोरा, पाटण, मझोली, शहपुरा, पनागर आणि कुंडम ही नावे त्याला ठाऊक आहेत. या यादीत ‘कु’ने सुरू होणारे नाव एकच. तेव्हा ‘कु’ एवढे लिहिले तरी प्रोग्राम कुंडमची नोंद देईल. एखादा विद्यार्थी ‘कु’ वापरून एक स्क्रिप्ट लिहितो आणि ती रोज रात्री आपोआप चालू राहते.

पुढे प्रोग्रामची व्याप्ती वाढून त्यात संपूर्ण मध्य प्रदेश येतो. आता धार जिल्ह्यातील कुक्षी, विदिशातील कुरवाई आणि गुणा जिल्ह्यातील कुंभराज ही नावेही यादीत आहेत. ‘कु’ संदिग्ध झाला. ‘कुं’ लिहूनही कुंडम आणि कुंभराज यांतील संदेह मिटत नाही. विद्यार्थ्याने स्क्रिप्टमधील एक अक्षरही बदललेले नाही, तरी ती बंद पडते. प्रोग्राम सुधारणाऱ्यानेही काही वगळलेले नाही. त्याने केवळ भर घातली. तरीही जुनी आज्ञा मोडली.

येथे प्रोग्रामकारापुढे दोन वाटा असतात. यादीत आधी आलेले नाव गृहीत धरून पुढे जायचे, किंवा ‘हा संक्षेप संदिग्ध आहे’ असे सांगून थांबायचे. पहिल्या वाटेने काम अडत नाही. पण कुंडमच्या नावाखाली कुक्षीचा पाऊस नोंदला जाऊ शकतो आणि चूक कोणाच्या ध्यानात येत नाही. दुसऱ्या वाटेने काम अडते. पण कारण समजते. विज्ञानाच्या दृष्टीने दुसरी वाट अधिक प्रामाणिक आहे.

परंतु ‘संदेह आल्यास थांबावे’ हा नियमही पुरा पडत नाही. समजा, पुढच्या आवृत्तीत काही कारणाने कुंडम हे नाव यादीतून निघाले आणि कुंभराज राहिले. आता ‘कुं’ पुन्हा निःसंदिग्ध आहे. मात्र त्याचा अर्थ बदलला आहे. प्रोग्राम थांबणार नाही, तक्रार करणार नाही, चुकीचे उत्तर देईल. एकच नाव जुळते म्हणून तेच अभिप्रेत होते, असे सिद्ध होत नाही.

दोन रेघांची व्यवस्था

युनिक्सच्या जगात पर्याय वाचण्याची पद्धत प्रोग्रामगणिक वेगळी होती. ती एकसारखी व्हावी म्हणून बेल लॅब्जमध्ये ‘गेटऑप्ट’ हे छोटे साधन लिहिले गेले. १९८० च्या सुमारास ते युनिक्स सिस्टिम ३ मध्ये आले आणि १९८५ मध्ये डॅलस येथील युनिफोरम परिषदेत एटी अँड टीने त्याची संहिता सर्वांसाठी खुली केली. १९९२ च्या पॉझिक्स मानकाने एकाक्षरी पर्यायांचे नियम पक्के केले.

१९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी घोषित केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पाला लांब, वाचनीय पर्याय हवे होते. अडचण अशी की, एका रेघेमागे ‘ऑल’ लिहिले, तर तो एक शब्द आहे की रोमनमधील तीन एकाक्षरी पर्यायांची जोडणी, हे कळणार कसे? म्हणून लांब पर्यायांआधी दोन रेघा आल्या. त्यासाठी ‘गेटऑप्ट लाँग’ हे विस्तारित साधन तयार झाले आणि त्यात सुरुवातीच्या अक्षरांवरून ओळख पटवण्याची टेनेक्ससारखी सोय अंगभूत ठेवण्यात आली.

त्याचे नियम थोडक्यात असे. लिहिलेला शब्द एखाद्या पर्यायाशी पूर्णपणे जुळत असेल, तर तोच घ्यावा. त्याच अक्षरांनी सुरू होणारे लांब पर्याय असले तरी त्यांचा विचार करू नये. पूर्ण जुळणी नसेल आणि त्या अक्षरांनी सुरू होणारा पर्याय एकच असेल, तर तो घ्यावा. एकाहून अधिक असतील, पण त्या सर्वांचा परिणाम एकच असेल, तरीही स्वीकारावे. अन्यथा संदिग्धतेची सूचना द्यावी. ‘व्हर्बोज’ आणि ‘व्हर्जन’ या दोन नेहमीच्या पर्यायांत रोमनमधील पहिली तीन अक्षरे समान आहेत. तेवढीच लिहिली तर दोन्ही पर्याय असलेला प्रोग्राम थांबतो, चौथे अक्षर लिहिताच पुढे जातो.

यांतील पहिला नियम योग्यच आहे. तो नसता, तर लहान नावाचा पर्याय कधी वापरताच आला नसता. पण त्यातही एक खाच आहे. आज ‘--ऑल-फाइल्स’ हा एकच पर्याय आहे म्हणून कोणी ‘--ऑल’ लिहितो. उद्या नेमका ‘--ऑल’ नावाचा, वेगळ्या अर्थाचा पर्याय आला, तर पूर्ण जुळणीच्या नियमाने जुनी आज्ञा नवा अर्थ धारण करते, आणि तेही कोणतीही सूचना न देता.

एक शब्द पूर्णच लिहावा लागतो

लिनक्सवर संचिका पुसणारी आज्ञा ‘आरएम’ ही आहे. संपूर्ण प्रणालीच्या मुळापासून सर्व काही पुसण्याची आज्ञा चुकून दिली गेली, तर ग्नूची ‘आरएम’ ती नाकारते. हे संरक्षण काढायचे असेल तर ‘--नो-प्रिझर्व्ह-रूट’ हा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. इतर सर्व लांब पर्यायांप्रमाणे हाही पूर्वी आखडून लिहिता येई. कालांतराने ग्नूच्या कर्त्यांनी या एका पर्यायापुरती ती मुभा काढून घेतली. आता तो संक्षेपाने लिहिला, तर ‘हा पर्याय संक्षिप्त करता येणार नाही’ असे उत्तर मिळते.

संक्षेप हा श्रम वाचवण्यासाठी असतो; पण जे कृत्य परत फिरवता येत नाही, तेथे थोडे श्रम पडणे हेच संरक्षण असते. एकाच साधनात बहुतेक पर्यायांना मुभा आणि एकाला मनाई, ही विसंगती नसून परिणामांचे वजन ओळखून केलेली रचना आहे.

याच दिशेने इतरांचेही विचार गेले. पायथन भाषेतील ‘आर्गपार्स’ या साधनात संक्षेप आपोआप ओळखले जातात; २०१५ मध्ये आलेल्या ३.५ या आवृत्तीत ती ओळख बंद करण्याची सोय देण्यात आली. गंमत अशी की, सुरुवातीच्या आवृत्त्यांत ती बंद केली की एकाक्षरी पर्याय जोडून लिहिण्याची सोयही बंद पडत असे. हा दोष ३.८ आवृत्तीत दूर झाला. लांब शब्द तोडणे आणि लहान अक्षरे जोडणे या दोन भिन्न क्रिया आहेत, पण संहितेत त्या किती सहज एकमेकींत गुंततात, हे यावरून दिसते. गिट प्रकल्पाने २०१९ मध्ये आपल्या स्वतःच्या चाचण्यांपुरते संक्षेप नाकारण्याची व्यवस्था केली. नवा पर्याय आल्यावर जुनी चाचणी विनाकारण मोडू नये, हा त्यामागील हेतू.

दोनदा आलेला ‘ण्’

संक्षेपातून येणाऱ्या संदेहाचा विचार भारतात फार पूर्वी झाला आहे आणि त्यात मराठी मंडळींचाही वाटा आहे. ख्रिस्तपूर्व पाचव्या-चौथ्या शतकाच्या आसपासच्या पाणिनीने संस्कृतचे व्याकरण सुमारे चार हजार सूत्रांत बसवले. त्यासाठी त्याने ‘प्रत्याहार’ हे साधन वापरले. वर्णांची यादी चौदा शिवसूत्रांत दिलेली असून प्रत्येक सूत्राच्या शेवटी एक खुणेचे व्यंजन आहे. एखादा वर्ण आणि पुढील एखादी खूण एकत्र उच्चारली की त्यांच्यामधील सर्व वर्णांचा बोध होतो : ‘अच्’ म्हणजे सर्व स्वर, ‘हल्’ म्हणजे सर्व व्यंजने. हा संक्षेप शब्दाची सुरुवात तोडून केलेला नाही. तो आरंभ आणि शेवट यांवरून पल्ला सांगणारा आहे. तरी संदेहाचा प्रश्न तोच.

कारण ‘ण्’ ही खूण यादीत दोनदा येते : पहिल्या सूत्राच्या शेवटी आणि सहाव्या सूत्राच्या शेवटी. मग ‘अण्’ म्हणजे केवळ अ, इ, उ, की सर्व स्वर, ह आणि य, व, र, ल हे सारे? परंपरेचा निर्णय असा की, पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादातील एकोणसत्तराव्या सूत्रात ‘अण्’चा पल्ला दुसऱ्या ‘ण्’पर्यंत घ्यावा, इतरत्र पहिल्यापर्यंत; ‘इण्’ मात्र नेहमी दुसऱ्यापर्यंतच. पतंजलीने महाभाष्यात याची चर्चा करून एक तत्त्व काढले : संदेह येतो एवढ्यावरून नियम निरुपयोगी ठरत नाही, नेमका अर्थ परंपरेतील व्याख्यानावरून निश्चित करावा.

अठराव्या शतकात काशीत वावरलेल्या नागेशभट्ट काळे या मराठी वैयाकरणाने अर्थनिर्णयाच्या अशा तत्त्वांवर ‘परिभाषेन्दुशेखर’ हा ग्रंथ रचला आणि त्यात पहिले स्थान याच तत्त्वाला दिले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे अध्यापन करणारे जर्मन पंडित फ्रान्झ कीलहॉर्न यांनी या ग्रंथाचे संपादन व इंग्रजी भाषांतर केले. १८६८ पासून ते मुंबई संस्कृत मालेत प्रसिद्ध झाले.

पाणिनी आणि संगणक यांची तुलना अनेकदा उत्साहाच्या भरात ताणली जाते. येथे साम्याइतकाच भेदही महत्त्वाचा आहे. पाणिनीचा संक्षेप वाचणारा माणूस गुरूकडून व्याख्यान ऐकलेला असतो. त्याच्याकडे उदाहरणे असतात, सूत्राचा हेतू असतो. संदेह आला तरी तो पुढे जाऊ शकतो. यंत्रापाशी व्याख्यान नाही. त्यामुळे जेथे पतंजली विद्यार्थ्याला ‘अर्थ शोध’ असे सांगतो, तेथे चांगला प्रोग्राम ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणून थांबतो. उरते ते व्याख्यान प्रोग्राम लिहिणाऱ्याने आधीच करून ठेवावे लागते : कोणता संक्षेप चालेल, कोणता नाही, आणि का.

हात आणि नोंद

टेनेक्सच्या ‘एस्केप’ कळेत या साऱ्या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर दडलेले होते. केन ग्रीअर यांनी ती कल्पना युनिक्सच्या ‘सी शेल’मध्ये आणली; ‘टीसीशेल’ या नावातील ‘टी’ टेनेक्सचीच आठवण आहे. आज ‘टॅब’ कळ दाबल्यावर उरलेला शब्द उमटतो, तो याच परंपरेतून. वरवर पाहता हे संक्षेपासारखेच आहे. पण फरक मूलगामी आहे. संक्षेपात यंत्र मनातल्या मनात अर्थ लावते आणि नोंदीत अपुरा शब्द राहतो. पूर्तीमध्ये यंत्र अर्थ लावून तो माणसासमोर ठेवते, माणूस तो पाहून संमती देतो आणि नोंदीत पूर्ण शब्द राहतो. हाताचे श्रम वाचतात आणि उद्याच्या वाचकासाठी संदेह उरत नाही.

पुण्याच्या आयसरमधील ‘परम ब्रह्म’सारख्या महासंगणकांवर आज देशातील संशोधक विद्यार्थी लिनक्सच्या आज्ञा लिहून गणिते चालवतात. त्यांच्या प्रबंधासोबत या आज्ञांच्या स्क्रिप्टही जपल्या जातात, कारण तोच प्रयोग दुसऱ्याला पुन्हा करता येणे ही विज्ञानाची अट आहे. पाच वर्षांनी, नव्या आवृत्तीवर, अनोळखी व्यक्तीने ती स्क्रिप्ट चालवली, तर संक्षेपाचा अर्थ तोच राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही. पूर्ण लिहिलेल्या पर्यायाचे नाव बदलले असेल, तर निदान तशी सूचना मिळते. पडद्यावर क्षणभर टंकलेल्या आज्ञेत दोन अक्षरे वाचवण्यास हरकत नाही. जी आज्ञा जतन व्हायची आहे, ती मात्र पूर्ण शब्दांत लिहावी.